चेतापेशींची तत्परता, स्मृती आणि अपस्मार

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत मेंदूविकार विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या सभेत विभागाने वर्षभराच्या कामाचा आढावा द्यावा, अशी प्रथा आहे. किती रुग्ण तपासले, किती आलेख काढले, हे सारे अहवालाच्या तक्त्यांत छापले जाणारच आहे. ते येथे वाचून दाखवून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. त्याऐवजी आमच्या टेबलापलीकडे बसून एका वडिलांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो. त्या दिवशी ते आम्हांला नीट देता आले नव्हते. बाहेर रांग मोठी होती.

मुलगी बदलापूरची, इयत्ता सातवीतली. दोन वर्षांपूर्वी तिला आकडी आली, पुढे आणखी एकदा आली. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या आणि त्यानंतर वर्षभर एकही झटका आला नाही. आमच्या दृष्टीने प्रकरण सुरळीत चालले होते. घरच्यांच्या दृष्टीने मात्र ते बिघडत होते. कारण पाठांतरात पहिली येणारी मुलगी आता सकाळी वाचलेले संध्याकाळी विसरू लागली होती. शेजारपाजारच्यांनी सांगितले, या गोळ्यांनी डोके मंद होते. वार्षिक परीक्षेच्या आधी घरच्यांनी त्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर तिला मोठा झटका आला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आलेले वडील रागावलेले नव्हते, थकलेले होते. त्यांनी एवढेच विचारले, "डॉक्टरसाहेब, फिट थांबवायची की पोरीचं शिक्षण सांभाळायचं, ते एकदा सांगून टाका."

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांतून आमच्यापर्यंत येतो. त्यातले 'की' हे अव्ययच चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते का, हे समजण्यासाठी मेंदूतील एका पेशीपर्यंत जावे लागेल.

तत्पूर्वी एका शब्दाकडे लक्ष वेधू इच्छितो. ज्याला आपण फिट, फेफरे, आकडी किंवा मिरगी म्हणतो, त्याला आयुर्वेदाने 'अपस्मार' हे नाव दिले. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात या विकारावर स्वतंत्र अध्याय आहेत. अप म्हणजे दूर जाणे आणि स्मार म्हणजे स्मरण. हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे ही लक्षणे डोळ्यांना प्रथम दिसतात. परंतु नाव ठेवणाऱ्यांनी त्यांवरून नाव ठेवले नाही. स्मृतीचे सुटणे हे त्यांना या रोगाचे मर्म वाटले. चेतापेशी म्हणजे काय हे ज्या काळी कोणालाही ठाऊक नव्हते, त्या काळचे हे निरीक्षण आहे आणि आजच्या प्रयोगशाळा त्याच्या फार जवळ येऊन पोहोचल्या आहेत.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीच्या आवरणाच्या आतबाहेर विद्युतभाराचा फरक असतो. शांत असताना तो सुमारे ७० मिलिव्होल्ट, म्हणजे विजेरीत घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलच्या विसाव्या हिश्शाहूनही किंचित कमी असतो. इतर पेशींकडून येणाऱ्या संदेशांनी हा फरक घटत घटत ५५ मिलिव्होल्टच्या आसपास आला, की आवरणातील सोडियमची दारे एकाएकी उघडतात आणि एक विद्युतलहर पेशीच्या लांब तंतूवरून धावत सुटते. मग पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पुन्हा शांत होते. इंग्लंडमधील हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून ही क्रिया १९५२ साली गणिताने मांडली. त्यासाठी १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

पेशी पेटण्यास किती तयार आहे, या गुणाला 'उत्तेजनक्षमता' असा भारदस्त शब्द आहे. आम्ही आज त्याला सोयीसाठी तत्परता म्हणू. शेगडीवरील दुधाचे उदाहरण घ्यावे. फ्रीजमधून काढलेले दूध मंद आचेवर बराच वेळ नुसतेच बसून राहते; आधीच तापवून ठेवलेले दूध तेवढ्याच आचेवर लगेच वर येते. आच तीच, दुधाची तयारी वेगळी. आणि लक्ष नसले तर तेच दूध उतू जाते. आमच्या आजच्या विषयातील स्मृती आणि अपस्मार या दोन्ही गोष्टी या एका पातेल्यात आहेत.

स्मृती म्हणजे कोरीव लेख, अशी आपली समजूत असते. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षे तो त्याच दगडावर आहे. मेंदूत असा दगड नाही. ज्या प्रथिनांची पेशी बनलेली असते, त्यांतील बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत झिजतात आणि नवी येतात. तरीही आजीला तिच्या लग्नातल्या पंगतीत काय वाढले होते ते आठवते. मग आठवण राहते कोठे?

या प्रश्नाला आधुनिक वळण मिळाले ते १९४९ साली. कल्याण कॅम्प या लष्करी छावणीत फाळणीनंतर येऊन वसलेल्या सिंधी बांधवांच्या वसाहतीला त्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९४९ रोजी, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत उल्हासनगर हे नाव मिळाले. हा निव्वळ योगायोग आहे, परंतु आम्हांला तो आवडतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले, की एक पेशी दुसरीला वारंवार पेटवू लागली तर त्या दोघींमधील जोड बळकट होतो आणि असे बळकट झालेले जोड हीच आठवण. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत हे बळकट होणे प्रत्यक्ष मोजून दाखवले. तेव्हापासून संशोधकांचे सारे लक्ष पेशींमधील जोडांवर गेले. त्याच निबंधात आणखी एक नोंद होती. जोड जितका बळकट झाला, त्या मानाने पेशी अधिकच सहज पेटू लागली होती. म्हणजे जोडाबरोबर पेशीही स्वतः बदलली होती. ही नोंद बराच काळ कडेला पडून राहिली.

१९९६ साली अमेरिकेत डिस्टरहॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना एक साधा धडा शिकवला. आधी एक सूर वाजे, मग क्षणभर शांतता आणि त्यानंतर डोळ्यावर हवेचा झोत. ससा हळूहळू सूर ऐकून झोताच्या आधीच पापणी मिटू लागतो. धडा शिकलेल्या सशांच्या हिप्पोकॅम्पस या भागातील पेशी त्यांनी तपासल्या. नव्या आठवणींची पहिली नोंद होते तो हा भाग कानशिलाच्या आतल्या बाजूस असतो आणि त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा असल्याने त्याला हे नाव पडले. प्रत्येक चेतापेशी पेटल्यावर काही क्षण स्वतःलाच लगाम घालते, जेणेकरून ती लागोपाठ पेटत राहू नये. शिकलेल्या सशांत हा लगाम सैल झालेला आढळला. सैलपणा एका दिवसाने सर्वाधिक होता आणि सात दिवसांत पेशी पूर्ववत झाल्या. ससे मात्र धडा महिनोन्‌महिने विसरले नाहीत. याचा अर्थ आम्ही असा समजतो, की तत्परता ही स्वतः आठवण नव्हे; आठवण पक्की होईपर्यंत पेशींनी दार उघडे ठेवण्याची ती मुदत आहे.

पुढचा प्रश्न अधिक रंजक होता. लाखो पेशींमधून एखाद्या आठवणीसाठी नेमक्या काहींचीच निवड कोण करते? टोरांटोच्या शीना जोसेलिन आणि कॅलिफोर्नियातील अल्सिनो सिल्वा यांच्या गटांनी २००७ साली उंदरांवर दाखवून दिले, की भीतीची आठवण साठवताना क्रेब नावाचे प्रथिन ज्या पेशींत अधिक असते त्या पुढे होतात. त्या पेशी त्या वेळी अधिक तत्पर असतात, हे २००९ साली स्पष्ट झाले. त्याच वर्षी नेमक्या अशा पेशी नष्ट केल्यावर ती एक भीती उंदरांच्या मनातून गेली. नवी गोष्ट शिकण्याची ताकद मात्र शाबूत राहिली. थोडक्यात, ज्या पेशी त्या तासाला कोमट दुधासारख्या तयार असतात, त्यांच्याकडे आठवण सोपवली जाते.

२०१६ साली सिल्वा यांच्याच गटातील डेनिस काय आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. उंदराला एका खोक्यात ठेवले आणि पाच तासांनी दुसऱ्या खोक्यात. दुसऱ्या खोक्यात पुढे त्याला सौम्य धक्का दिला. उंदीर दुसऱ्याला तर घाबरलाच, पण जेथे काहीच वाईट घडले नव्हते त्या पहिल्या खोक्यालाही घाबरू लागला. कारण पाच तासांपूर्वी तत्पर झालेल्या पेशी अजून तत्परच होत्या आणि दोन्ही आठवणींत त्यांपैकी बऱ्याच पेशी समाईक झाल्या. दोन खोक्यांमध्ये सात दिवसांचे अंतर ठेवल्यावर असे घडले नाही.

आपल्या भागातील एक अनुभव येथे आठवतो. २६ जुलै २००५ च्या महापुराबद्दल बदलापूरच्या कोणाही प्रौढ माणसाला विचारून पाहावे. उल्हास नदीचे पाणी घरात शिरले ती संध्याकाळ तर तो सांगेलच, पण त्या दिवशी दुपारी कोण भेटले, कोणती गाडी चुकली, चुलीवर काय होते, हेही सांगेल. २५ जुलैच्या दुपारचे मात्र त्याला काही आठवणार नाही. माणसाच्या बाबतीत हे उंदराच्याच यंत्रणेने घडते, असे सिद्ध झाल्याचा दावा आम्ही करत नाही; भीतीच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकांचाही त्यात मोठा वाटा असतो. परंतु एका मोठ्या घटनेने आसपासचे साधे तास आपल्याबरोबर ओढून न्यावेत, याचे एक संभाव्य कारण त्या खोक्यांच्या प्रयोगात दिसते.

काय यांनी वृद्ध उंदरांवरही तोच प्रयोग केला. पाच तासांचे अंतर असूनही त्यांच्या मनात दोन खोकी जोडली गेली नाहीत. पेशींची तत्परता कृत्रिम उपायाने वाढवली, तेव्हा ती जोडली गेली. वयानुसार पेशींचा लगाम आवळला जातो, हे डिस्टरहॉफ्ट यांनीही प्राण्यांत दाखवले होते. उल्हासनगरच्या कॅम्पांत आता नव्वदीच्या घरात असलेली काही मंडळी आहेत, जी लहानपणी सिंधमधून येथे आली. तिथल्या गल्लीतील घरांचा क्रम ती आजही सांगतात. पण सकाळी औषध घेतले की नाही, हे त्यांना सांगता येत नाही. जुन्या आठवणी मेंदूच्या पृष्ठभागावरील विस्तीर्ण प्रदेशात पसरून स्थिरावलेल्या असतात, नव्या आठवणीला मात्र हिप्पोकॅम्पसमधील पेशींची ताजी तयारी लागते. कुटुंबीयांना एवढेच सांगणे, की हे सारे 'वयानुसार' म्हणून सोडून देऊ नये. स्मृतिभ्रंश, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांची तपासणी व्हायलाच हवी. काही वृद्धांना, विशेषतः पक्षाघात होऊन गेलेल्यांना, हातपाय न झाडता केवळ काही मिनिटांचा विसर पडावा असे अपस्माराचे झटके येतात. असा माणूस एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो आणि थोड्या वेळाने ठीक होतो. घरचे म्हणतात, बाबांना वय झाले. गोळी सुरू केल्यावर त्यांतील काहींचा विसर थांबतो.

तत्परता वाढवली की स्मृती सुधारते, असा निष्कर्ष एव्हाना कोणी काढला असेल तर तेथेच थांबावे. दूध उतू जाते ते येथेच. अपस्मारात पेशींचा एखादा समूह नको तितका तत्पर झालेला असतो. लगाम सुटून तो एकदम, एका तालात पेटतो आणि शेजारच्यांना पेटवत जातो. आठवण म्हणजे निवडक पेशींचे पेटणे. सगळ्याच पेटल्या तर निवड उरत नाही. म्हणूनच मोठ्या झटक्यानंतर शुद्धीवर आलेल्या माणसाला झटक्याचे काहीच आठवत नाही आणि कधी त्याच्या आधीची काही मिनिटेही पुसलेली असतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही मेंदूच्या विद्युतआलेखात, म्हणजे ईईजीमध्ये, क्षणभराच्या टोकदार लहरी दिसतात. रुग्णाला किंवा घरच्यांना त्यांचा पत्ताही नसतो. परंतु एखादी गोष्ट आठवू पाहताना नेमकी अशी लहर हिप्पोकॅम्पसमध्ये उठली, तर ती गोष्ट आठवण्याची शक्यता घटते, हे रुग्णांच्या मेंदूत विद्युत्‌शलाका ठेवून केलेल्या अभ्यासांतून दिसले आहे.

स्मृती आणि अपस्मार किती जवळ नांदतात, हे जगाला एका रुग्णाने शिकवले. अमेरिकेतील हेन्री मोलायसन यांचे झटके कशानेही आटोक्यात येईनात, म्हणून १९५३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पसचे बरेचसे भाग काढून टाकण्यात आले. झटके पुष्कळ कमी झाले. परंतु त्यानंतर २००८ साली मृत्यू होईपर्यंत भेटलेल्या माणसांना ते दर वेळी नव्यानेच भेटत राहिले. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आज अपस्मारावर शस्त्रक्रिया होते ती एकाच बाजूवर, तीही स्मृतीच्या कसून चाचण्या घेऊनच. मुंबईत ती सोय आहे आणि औषधांना दाद न देणाऱ्या निवडक रुग्णांना ती खरोखर उपकारक ठरते. मोलायसन यांनी काय गमावले हे ठाऊक असल्यामुळेच ही सावधगिरी आली.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. मुलीचे विसरणे गोळ्यांमुळे होते का? काही अंशी असू शकते, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधे सोडियमची दारे लागोपाठ उघडू देत नाहीत. फेनोबार्बिटोन पेशींना शांत ठेवणाऱ्या संदेशांचे बळ वाढवते. म्हणजे तत्परता कमी करणे हेच त्यांचे काम आहे, आणि मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर शिकण्यासाठी लागणारी तत्परताही घटणारच. फेनोबार्बिटोनने सुस्ती येते, टोपिरामेटने काहींना नेमका शब्द सुचत नाही, लेव्हेटिरासिटामने स्मृतीपेक्षा चिडचिडीची तक्रार अधिक. पण औषध बंद केल्याने पेशी मूळच्या समतोलावर येत नाहीत. त्या पुन्हा अतितत्पर होतात, आणि गोळी अचानक थांबवल्यास तर झटक्यांची मालिकाच सुरू होण्याचा धोका असतो. म्हणून विसरण्याची तक्रार आमच्यापर्यंत आली पाहिजे. मात्रा कमी करणे, वेळ बदलणे, औषधच बदलणे, हे सारे शक्य असते. मुलगा विसरतो म्हणून गोळी लपूनछपून अर्धी करणारे पालक प्रामाणिकच असतात. आम्ही विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. हा दोष आमच्या पाच मिनिटांच्या तपासणीचाही आहे.

एक गोष्ट येथे स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे गुणकारी औषध आहे. परंतु गर्भारपणात ते घेतल्यास बाळात जन्मजात व्यंग येण्याचा आणि त्याची बौद्धिक वाढ मागे पडण्याचा धोका वाढतो. लग्नाच्या वयाच्या मुलींनी आणि मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधीच सल्ला घ्यावा, म्हणजे पर्यायी औषधाचा विचार करता येतो. स्वतःहून मात्र काहीही बंद करू नये. आमच्याकडे येणाऱ्या नवविवाहितांत एक दुःखद प्रकार वारंवार दिसतो. सासरी कळू नये म्हणून मुलगी गोळ्या माहेरीच ठेवून येते. पहिल्या महिन्यातच झटका येतो आणि जे लपवायचे होते ते सर्वांसमोर उघडे पडते. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. कायद्याने अडसर काढला, तरी स्थळ पाहणाऱ्यांच्या मनातून तो निघालेला नाही.

झोपेविषयी बोलल्याविना हा विषय पुरा होत नाही. दिवसभर जागेपणी मेंदूच्या पेशींची तत्परता चढत जाते आणि पुरेशा झोपेने ती खाली येते, असे मोजमापांतून दिसले आहे. जागरण झाले की अपस्माराच्या रुग्णाला झटका येण्याची शक्यता वाढते, आणि दिवसा शिकलेले पक्के होण्याचे कामही झोपेतच चालते. म्हणजे जागरणाने दोन्हीकडून तोटा. येथे आम्हांला औषधाच्या चिठ्ठीवर जे लिहिता येत नाही ते समोर उभे राहते. बदलापूरहून पहाटेची लोकल धरून मुंबईला जाणारा आणि रात्री उशिरा परतणारा तरुण, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत दर आठवड्याला पाळी बदलणारा कामगार, उल्हासनगरात जीन्स शिवणारा, सणाच्या आधी रात्र रात्र मशीनवर बसणारा कारागीर. यांना सात तास झोप घ्या, असे सांगताना आमचीच जीभ अडखळते. तरीही पाळी न बदलण्याची शिफारस करणारे पत्र आम्ही देतो आणि काही मालक ते मानतात, हे आनंदाने नमूद करतो.

लोकलचा विषय निघालाच आहे, तर झटका आलेल्या प्रवाशाच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देणे, चप्पल वा कांदा हुंगवणे, दातांत चमचा घालणे, पाणी पाजणे, यांपैकी काहीही करू नये. त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, वेळ पाहावी. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा सुरू झाला, तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे. शक्य असल्यास कोणीतरी मोबाइलवर चित्रण करावे. ते अशोभनीय वाटले तरी निदानासाठी पुष्कळदा महागड्या तपासणीपेक्षा उपयोगी पडते.

आणखी एक कारण आपल्या परिसरात विसरता येत नाही. पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होणे, हे भारतात अपस्माराचे एक प्रमुख कारण आहे. ही अंडी अशुद्ध पाण्यावर पिकवलेल्या आणि नीट न धुतलेल्या पालेभाज्यांतूनही येतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी घरांतही हा रोग आढळतो. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली, की घरचे कर्करोगाच्या भीतीने हादरतात. अशा गाठींपैकी अनेक औषधाने, काही तर आपोआप, विरून जातात.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या बाटल्यांबद्दल नातेवाईक विचारतात, म्हणून दोन शब्द. एचआयव्हीवरील मॅराव्हिरॉक या औषधाने मध्यमवयीन उंदरांत आठवणी जोडण्याची मुदत लांबली, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. अपस्मारावरील लेव्हेटिरासिटाम अगदी कमी मात्रेत दिल्यावर सौम्य विसराळूपणा असलेल्या थोड्या वृद्धांचा हिप्पोकॅम्पस शांत झाला आणि त्यांची चाचणीतील कामगिरी सुधारली, असे २०१२ साली दिसले होते. म्हणजे त्या वृद्धांत पेशी सुस्त नव्हत्या, उलट अतितत्पर होत्या; त्यांना शांत केल्याने स्मृतीला मदत झाली. ही संशोधनाची वाट आहे, उपचार नव्हे. कृपया यांपैकी काहीही दुकानातून आणून घेऊ नये.

देणगीदारांसमोर एक विनंती ठेवायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. हे साध्य करणारी बहुतेक औषधे जुनी आणि साधी आहेत. फेनिटॉइनचा उपयोग १९३८ सालीच सिद्ध झाला होता. अडचण आहे ती सातत्याची. महिनाअखेरीस गोळ्या संपतात आणि पगार व्हायला चार दिवस असतात. झटका नेमका त्या चार दिवसांत येतो. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, गोळ्यांच्या पाकिटावर लागत नाही; म्हणून यंत्रासाठी देणगी मिळवणे तुलनेने सोपे जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. ज्यांनी नावाची अपेक्षा न ठेवता औषधांसाठी रक्कम दिली, त्यांचे आम्ही विशेष ऋणी आहोत. त्या रकमेतून भरून निघालेल्या चार दिवसांचा हिशेब कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही, कारण त्या दिवसांत काहीच घडलेले नसते.

त्या मुलीच्या ईईजीत झोपेच्या वेळी टोकदार लहरी बऱ्याच आढळल्या. औषध बदलले, मात्रा हळूहळू बसवली. तिच्या आईला आम्ही एक शंभर पानी वही करायला सांगितली : झोप किती, गोळी किती वाजता, टक लावून बघत राहिली का, आणि शाळेत काय जमले नाही. पहिल्या महिन्याची पाने भरगच्च आहेत. मुलगी आता नववीत आहे. गणित जमते, इतिहासातील सनावळ्या अजूनही जड जातात, अशी आईची नोंद आहे. त्यावर त्या पापभीरू बाईने कंसात, 'मलाही जात होत्या', असे लिहून ठेवले आहे. मागच्या भेटीला वही मुलीनेच आणली. अलीकडच्या पानांवरचे अक्षर तिचे आहे.